मैदानावर उतरू नये

"कसली अडचण आहे? सांग ना, लाजतेस काय! आपण सगळे मिळून सोडवू."

पाहुण्या सरांनी हे इतक्या मोठ्याने आणि इतक्या मायेने विचारलं, की खो-खोच्या पाटीत बसलेल्या मुली आधी एकमेकींकडे बघत राहिल्या... आणि मग जो हशा पिकला, तो शेजारच्या कापड कारखान्यातल्या लूमच्या खटखटाटालाही पुरून उरला. कडेला पोट धरून बसलेल्या गोदूने ओढणीत तोंड लपवलं. बिचारी फक्त "सर, अडचण हाय" एवढंच म्हणाली होती.

मंदा धावत आली. भिवंडीतल्या नारपोलीच्या त्या शाळेत ती खेळाची शिक्षिका होती. तिने सरांना बाजूला घेऊन, हसू दाबत, बायकांच्या बोलण्यात 'अडचण' म्हणजे काय ते हलक्या आवाजात सांगितलं. सर कानापर्यंत लाल झाले.

"आम्ही घरी तिघे भाऊच..." ते पुटपुटले. "आणि पुढे सगळं वसतिगृहात."

"दिसतंच आहे," मंदा म्हणाली.

सरांचं नाव पंढरीनाथ सोनवणे. १९८८ सालचा जानेवारी होता. साऱ्या देशातल्या शाळांसाठी आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा एकच अभ्यासक्रम तयार होत होता. दिल्लीच्या समितीत सगळी थोरामोठ्यांची मांदियाळी, आणि त्यात साताऱ्याचा हा तरुण मास्तर म्हणजे शेंडेफळ. कच्चा मसुदा शाळांमधून चालवून बघायचं काम अर्थातच त्याच्या गळ्यात पडलं होतं.

महिनाभर तो येत राहिला. शाळा सुटली की दोघं पायरीवर चहा घेत मसुद्यावर भांडत. भिवंडीच्या हवेत सुताचे बारीक तंतू सदा तरंगत असतात. एकदा त्यातला एक मंदाच्या केसांवर बसला. पंढरीनाथने हात पुढे केला... आणि मध्येच थांबवला.

"काढा की," मंदा म्हणाली. "मसुद्यात मनाई आहे का?"

त्याने इतक्या जपून काढला, की तिला ते कळलंही नाही. मात्र पुढचा चहा गार झाला तरी दोघांच्या लक्षात आलं नाही. मंदाला तो आवडू लागला होता, आणि स्वतःपासून ते लपवण्यात तिला काही अर्थ वाटत नव्हता.

मग एक दिवस मसुद्यातलं ते वाक्य पुढे आलं. आरोग्याच्या धड्यात लिहिलं होतं — 'मासिक पाळीच्या दिवसांत मुलींनी मैदानावर उतरू नये.'

मंदाने कप खाली ठेवला.

"शाळेत असताना मला बसवलं होतं," ती म्हणाली. "जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात. काही दुखत नव्हतं, काही नाही. बाईंना कळलं आणि त्यांनी मला पाण्याच्या माठापाशी बसवलं. आमच्या मुली एकेक करून बाद होताना मी बघत होते. गोदूचं पोट दुखतं, ती बसेना का! पण जिला पळायचंय तिला का बसवता? हे छापलं, की देशातली प्रत्येक मुलगी माठापाशी बसणार."

"समितीत मी सगळ्यात लहान आहे, बाई. तिथे हा विषय काढायचा म्हणजे..."

"लाज वाटते?"

"वाटते," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"मग राहू दे. पण पुन्हा इथे चहाला येऊ नका."

तो गेला. मंदाने तोंडावर हसू ठेवलं, शिट्टी फुंकली, मुलींना पळवलं. पण फाटक वाजलं की मान आपसूक वळायची. आपण जरा जास्तच बोललो का? मग तो माठ आठवायचा, आणि वाटायचं — नाही, बरोबरच बोललो.

मार्चच्या एका सकाळी ती फक्कीने मैदान आखत होती, तेव्हा तो समोर येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, खांद्याला पिशवी.

"वाक्य?" मंदाने विचारलं. नमस्कारही तिला सुचला नाही.

"गेलं. आता लिहिलंय — खेळायचं की बसायचं, हे मुलीने स्वतः ठरवावं."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "तुम्ही बोललात? सगळ्यांसमोर?"

"बोललो. एक गृहस्थ तर उगाच चष्मा पुसत बसले. वाक्य काढलं, पण अध्यक्ष माझ्यावर नाराज झाले. पुढच्या बैठकीला मला बोलावणार नाहीत. आता आपली साताऱ्याची शाळा बरी."

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय. पण त्याहून वाईट दुसरंच झालं. अध्यक्ष म्हणाले, 'मघापासून भिवंडीच्या बाई, भिवंडीच्या बाई चाललंय... त्या तुमच्या लागतात तरी कोण?' सगळे हसले. आणि मला — उत्तर देता आलं नाही."

फक्कीची रेघ वाकडी गेली होती. मंदा तिच्याकडेच बघत राहिली.

"तुम्ही मला फार आवडता," तो म्हणाला. "पण ते उत्तर माझ्या एकट्याचं नाही. म्हणून आलो."

"कळवा त्यांना," ती हळूच म्हणाली, "होणारी बायको. पण आधी माझ्या आईला विचारा. आणि जरा मोठ्याने हं! कारखान्यात लूमशेजारी सुताच्या कांड्या भरण्यात तिचा जन्म गेलाय, कमी ऐकू येतं तिला."

"किती मोठ्याने?"

"ते तुम्हीच बघा."

पंढरीनाथने छाती भरून श्वास घेतला आणि जणू तिची आई समोरच उभी आहे असा, लूमच्या खटखटाटाच्या वर आवाज चढवून तो ओरडला, "आई, मला तुमच्या मंदाशी लग्न करायचंय!"

फाटकातून आत येणाऱ्या मुली जागच्या जागी थबकल्या. मंदाने फक्कीने भरलेले हात तसेच तोंडावर घेतले, पण त्याला गप्प मात्र केलं नाही.