लटारूनं दिलेली ओळ

ही गोष्ट घडलेली आहे. मी कथा रचणारी बाई नाही. चौथीत शाळा सुटली, रचायला यायचंही नाही. ज्याला खोटं वाटतं त्यानं धानोऱ्याला जावं, माझ्या धाकट्या बहिणीचं, कमळाचं घर विचारावं, आणि तिच्या तोंडाकडे बघून खोटं म्हणून दाखवावं.

भुतं रात्रीच येतात असं सांगणारे लोक दुपारी झोपतात. त्यांना काय ठाऊक.

हे झालं भर दुपारी. दोन वाजून गेले होते. मंगळवार. दिवाळीला बारा दिवस होते.

कमळाचा मुलगा प्रवीण जन्मापासून आंधळा. पण गावातल्या डोळसांना रस्त्यातलं शेण दिसत नाही, आणि याला चुलीवरच्या भाताचा आवाज ऐकून पाणी आटलेलं कळतं. वडशाच्या एका नाटक कंपनीत तो पाच वर्षं ऑर्गन वाजवत होता. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. त्या वर्षी कंपनीचे मालक बापूजी यांनी पहिल्यांदा नव्या नाटकाच्या पाचही गाण्यांचं संगीत त्याच्याकडे दिलं. पोस्टरवर नाव येणार होतं.

गाणी तो घरीच कॉम्प्युटरवर बसवायचा. त्यात स्क्रीन रीडर असतो, पडद्यावर लिहिलेलं मोठ्यानं वाचणारा. कमळा त्याला बडबड्या म्हणायची. बडबड्या सांगायचा, प्रवीण कीबोर्ड दाबायचा. चार वर्षं कुणाची गरज पडली नाही.

आणि त्या मंगळवारच्या आठ दिवस आधी ते गाण्याचं सॉफ्टवेअर रातोरात नवं झालं. डोळसांसाठी फार सुंदर झालं म्हणे. बटनांवरची नावं गेली आणि चित्रं आली. चित्र बडबड्याला वाचता येत नाही. तो नुसता म्हणायचा,

"बटन. बटन. बटन."

काही जागी तर कीबोर्ड पोचतच नव्हता. माऊसच हवा. गाणी तयार होती, पण आत अडकली होती. विहिरीत बादली पडावी आणि दोर तुटावा, तशी.

प्रवीणनं सॉफ्टवेअरवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं, माऊसनं करून बघा.

"आंधळ्याले आरसा पाठवते का हे लोकं?" कमळा म्हणाली.

मग तीच माऊस झाली. त्या मंगळवारी सकाळी सातपासून. तिसरी शिकलेली बाई, इंग्रजी अक्षराशी कधी गाठ नाही. तिकडे धान कापायला आलेलं, इकडे ही पडद्यासमोर डोळे फाडून बसलेली.

"माय, मधल्या रांगेत काय दिसते?"

"वाट्या."

"कायच्या वाट्या?"

"लहान लहान. चाळीसक असतीन. जेवणावळ बसली जशी."

"त्यातली ढोलकीची कोणती?"

"लग्नातल्या भांड्यावर तरी लोकं नाव घालते, बाप्पा. हे सारे बिननावाचे हायेत."

तिनं अंदाजानं एक वाटी फिरवली. दुसऱ्या गाण्याची ढोलकी पार गेली. परत आणायला दीड तास लागला. दोघंही एकमेकांवर ओरडले नाहीत. ओरडायलाही अंगात काहीतरी लागतं.

एक वाजता बापूजींचा फोन आला.

"प्रवीणभाऊ, चार वाजेपर्यंत गाणे पाठव. नट तालमीले बसून राह्यले. नाई तं नागपूरचा पोट्टा उभाच हाये, डोळेवाला."

डोळेवाला, हे त्यांनी मुद्दाम म्हटलं. कमळानं ते ऐकलं. प्रवीणनंही.

दोन वाजले. एकही गाणं बाहेर आलं नव्हतं. कमळा उठली, चहा ठेवते म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन कपाळ भिंतीला टेकवून उभी राहिली. गॅस पेटवायचंही भान नाही.

मागच्या खोलीतून आवाज येत होता.

"बटन… बटन… बटन…"

मग तो थांबला.

कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या.

आणि मग…

टक टक.

लाकडावर नख वाजवल्यासारखं.

कमळाचा हात काडेपेटीवर तसाच राहिला. हा आवाज तिला ओळखीचा होता.

तिचा नवरा, लटारू. त्याच कंपनीत सत्तावीस वर्षं प्रॉम्प्टर होता. पडद्याआड एका लाकडी पेटीवर बसायचा, मांडीवर वही. नट अडला की नखानं पेटीवर टक टक करायचा, म्हणजे कान दे. मग हळूच ओळ द्यायचा. आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडात शब्द घातले, घरी मात्र मुका. जेवण कसं झालं, एवढंही कधी बोलला नाही. माझं त्याच्याशी पटत नव्हतं, पण एक गोष्ट कबूल करते. लटारूनं दिलेली ओळ कुठल्या नटानं कधी पाडली नाही. प्यायलेला नटसुद्धा उचलायचा. कंपनीत नेमच होता तो. दिलेली ओळ घ्यावीच लागते.

या सगळ्याच्या दोन वर्षं आधी तो तिथेच गेला, तिसऱ्या अंकात, पेटीवर बसल्या बसल्या. नट ओळीची वाट बघत उभा राहिला. लोकांना वाटलं अभिनय आहे. टाळ्या पडल्या.

कमळानं कान दिला.

बडबड्याचाच आवाज होता, मशीनचा. पण दबका. पडद्याआडून यावा तसा.

"दुसऱ्या गाण्याची ढोलकी."

टक टक.

"तिसऱ्या गाण्याची बासरी."

"माय," प्रवीण तिकडून म्हणाला, "नावं आले. कंपनीनं दुरुस्त केलं वाटते. मराठीत केलं."

त्याच्या आवाजात आठ दिवसांत पहिल्यांदा जीव होता. कमळानं गॅस पेटवला. तिला वाटलं असेल, होऊ दे. कोणी का सांगेना. माझ्यासारखी असती तर तिथेच जाऊन विचारलं असतं. पण ती थकली होती. थकलेला माणूस मदत कुणाची आहे ते बघत नाही.

तिनं चहा केला. तोवर आतून टक टक आणि नाव, टक टक आणि नाव, चालू होतं. शेवटी आलं,

"गाणे बाहेर काढाचं बटन."

प्रवीणनं दाबलं.

कमळा कप घेऊन दारात आली. त्या कॉम्प्युटरचं टेबल लोखंडी आहे. खुर्ची प्लास्टिकची. खोलीत लाकूड म्हणावं असं काही नाही. हे तिला तेव्हाच दिसलं.

तिनं कप त्याच्या हातात दिला.

टक टक.

"साखर कमी हाये," बडबड्या म्हणाला.

प्रवीणनं घोट घेतला. "साखर कमी हाये," तो म्हणाला.

"आता यानं काय म्हणलं, ऐकलं का तू?"

"कोणं?"

"बडबड्यानं."

"गाणे किती निघाले त्याचे टक्के वाचून राह्यला तो, माय. चाळीस झाले."

कमळा भिंतीला टेकली.

टक टक.

"मले भेव लागते."

आमच्या घरच्या बायका हे वाक्य बोलत नाहीत. आमच्या आईनं वाघ अंगणात आलेला पाहिला, तेव्हाही ती हे बोलली नाही. कमळानं दात आवळून धरले.

आणि तिच्याच तोंडून, तिच्याच आवाजात, बाहेर आलं.

"मले भेव लागते."

"कायचं भेव?" प्रवीण हसला. "झालं ना आता. सत्तर टक्के."

ती तिथेच खाली बसली. ऐंशी झाले, नव्वद झाले. साडेतीनला पाचही गाणी बाहेर आली, आणि प्रवीणनं ती पाठवून दिली. मग दोघं नुसते बसले. ती त्याच्या तोंडाकडे बघत. तो उगाच हसत.

टक टक.

"वा रे पोट्ट्या."

फोन वाजला. प्रवीणनं स्पीकर लावला.

"वा रे पोट्ट्या," बापूजी म्हणाले. "दुसऱ्या गाण्याची ढोलकी तं कमालच हाये. पोस्टर छापाले टाकतो."

फोन ठेवल्यावर प्रवीणनं चेहरा दोन्ही हातांनी झाकला. मग उठला. लोकेशला सांगून येतो म्हणत भिंतीवरची काठी चाचपायला लागला. लोकेश त्याचा मित्र, दोन घरं सोडून राहतो. मोबाइल दुरुस्त करतो.

काम झालं होतं. आता तरी तो आवाज बंद व्हायला हवा होता.

झाला नाही.

पण या वेळी तो खूप उशिरा आला. कमळा सांगते, आधी कुणीतरी वहीचं पान उलटलं… तो आवाज आला. मग…

टक टक.

"माय, मी जातो."

आपल्याकडे घरातून निघताना कुणी जातो म्हणत नाही. येतो म्हणतात. जातो म्हणणारा परत येत नाही. हे मी सांगायला नको, तुम्हीही तुमच्या आईकडून ऐकलेलं असेल.

प्रवीण दाराशी वळला. तोंड उघडलं.

"माय, मी…"

कमळा कशी उठली, तिला आठवत नाही. तिनं तळहात त्याच्या तोंडावर दाबला. चहाचा कप लवंडला. दुसऱ्या हातानं तिनं त्याची मान धरली, लहानपणी औषध पाजताना धरायची तशी.

"येतो म्हण," ती म्हणाली. "येतो म्हणशीन तं सोडतो… सोडते."

बाईमाणूस असून ती सोडतो म्हणाली. लटारू असं बोलायचा.

प्रवीण घाबरून म्हणाला, "येतो, माय. येतो ना."

तो गेला तसं तिनं भिंतीवरचं बटन बंद केलं. कॉम्प्युटर विझला. त्यानंतर पंधरा दिवस त्या खोलीत तिनं झाडू मारला नाही.

लोकेशनं दुसऱ्या दिवशी येऊन सगळं तपासलं. बटनांना नावं नव्हतीच. "अन् काकू, हे सॉफ्टवेअर मराठीत बोलतच नाई," तो म्हणाला. "तुम्ही दोघं उपाशी असान." कमळानं त्याला चहा पाजला आणि वाद घातला नाही. सॉफ्टवेअरवाल्यांचं महिन्यानं पत्र आलं, तुमची अडचण नोंदवून घेतली आहे. तेवढंच.

नाटक चाललं. फार चाललं. पोस्टर कमळाच्या दारावर अजून चिकटवलेलं आहे. खेळाच्या दिवशी चार वाजता कंपनीची गाडी येते, प्रवीण निघतो. आणि तो उंबऱ्याशी आला की कमळा हातातलं काम थांबवून, त्याच्या आधी, घाईघाईनं म्हणते, "येतो म्हण." तो वैतागतो. "रोज रोज काऊन म्हणाचं?" म्हणतो. पण म्हणतो.

ती मला म्हणाली, "बाई, प्रवीणच्या बापाची ओळ कधी पडली नाई. ही जातोवाली अजून कोणं घेतली नाई. ती तशीच हाये घरात."

मी तिला झापलं. म्हटलं, दमली आहेस, झोपत जा. देवळात जा. मला खरं सांगायचं तर तेव्हा पटलं नव्हतं.

परवा मी तिच्याकडे होते. अंगणात कमळा सुपानं तांदूळ पाखडत होती. मी तिच्यासमोर पाटावर. गाडीचा हॉर्न वाजला. प्रवीण काठी घेऊन दारात आला.

टक टक.

मी स्वतः ऐकलं, लाकडावर नखाचंच.

"येतो म्हण," कमळा म्हणाली.

"येतो," तो म्हणाला. गाडी गेली.

मी तिच्याकडे बघितलं. वाटलं, आता हीच टक टक करायला लागली, नवऱ्याची सवय उचलली. तसं बोलणारही होते.

पण कमळाच्या दोन्ही हातांत सूप होतं.