फ्लोरिमाँची जागा

फिलोमेन दकोनिंकच्या घरात रविवार सकाळचा क्रम ठरलेला होता. आधी चर्चमधली मिसा-प्रार्थना, मग चिकोरीची कॉफी, आणि मग मुलाचा फुटबॉलचा शर्ट. कपाटातून तो काढायचा, बाहीवरून हात फिरवायचा, बटणं ओढून पाहायची आणि पुन्हा घडी घालायची. घालणारा घरात नव्हता, तरी यात खंड पडला नव्हता. उत्तर फ्रान्समधल्या रूबेच्या त्या गल्लीत विटांची घरं समोरासमोर होती आणि मध्ये सगळ्यांना मिळून एकच नळ. गिरणी सुरू असली की धुतलेल्या लोकरीचा तेलकट वास पावालासुद्धा लागायचा.

नळावर बायका अजून सांगायच्या, "फ्लोरिमाँ दकोनिंक ना? आमच्याच गल्लीतला!" खोटं नव्हतं ते. लोकरीच्या कचऱ्याला सुतळी गुंडाळून केलेला चेंडू त्याने याच दगडी फरशीवर लाथाडला होता. गावचा फुटबॉल क्लब तेव्हा कचेरीतल्या साहेबांच्या मुलांचा. गिरणीत कातणारा पहिला पोरगा त्यांनी घेतला तो हा, आणि तोही उसन्या बुटांत आलेला. दोन मोसमांत मधला फॉरवर्ड म्हणून त्याच्याशिवाय कुणाचं नाव निघेना. त्याची एक खोड होती. चेंडू आला की मारायला पाय उचलायचा आणि ऐन वेळी चेंडू दोन पायांमधून जाऊ द्यायचा. गोली एकीकडे झेपावलेला, चेंडू दुसरीकडे, आणि मागून धावत आलेला देझिरे तो जाळ्यात ढकलायचा. लोक पोट धरून हसायचे. बेल्जियमविरुद्ध तो देशाच्या संघातून खेळला, तेव्हा परतल्यावर स्टेशनपासून घरापर्यंत लोकांनी त्याला खाली उतरू दिलं नाही. गिरणीच्या मालकाने भररस्त्यात फिलोमेनला हॅट काढून नमस्कार केला. त्या दिवशी तिची मान जी ताठ झाली, ती लढाईतही वाकली नाही.

लढाई सुरू झाली तशी पहिल्याच महिन्यात तो आघाडीवर गेला. मागोमाग जर्मन गावात शिरले आणि चार वर्षं आघाडीपलीकडचं एक अक्षर अलीकडे आलं नाही. गाव जर्मनांच्या हातून सुटलं तेव्हा कळलं ते एवढंच, की आर्त्वाच्या टेकड्यांवर तो बेपत्ता झाला. ज्यांची मुलं मेली त्या आया काळे कपडे घालून मृतांसाठी मेणबत्त्या लावत. फिलोमेन मात्र दर मंगळवारी हरवलेलं शोधून देणाऱ्या संत आंतोनींपुढे मेणबत्ती लावी.

क्लब पुन्हा उभा राहिला तेव्हा कप्तान देझिरेने सगळ्यांसमोर सांगितलं, "फ्लोरिमाँ येईपर्यंत त्याची जागा मोकळी राहील." सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून संघ दहाच जणांनी खेळत होता. फॉरवर्डच्या ओळीत मधोमध एक माणूसभर जागा सोडलेली असायची. प्रतिस्पर्धीही त्या जागेपुढे टोप्या काढायचे आणि मग खेळायला लागायचे.

पण आता चषकाचा सामना होता, तोही शेजारच्या तुर्क्वाँशी. आदल्या दिवशी क्लबचे अध्यक्ष मस्यू देल्मोत दारात येऊन उभे राहिले.

"मादाम, उद्या दहा जणांनी त्यांच्यापुढे उभं राहायचं म्हणजे..."

"बसा आधी. कॉफी घ्या."

ते बसले. कपात बघत म्हणाले, "हरलो तर तो शर्ट मागायची वेळ येईल. त्या जागेसाठी एक चांगला मुलगा मिळतोय. आणि फादर म्हणत होते, सोमवारी फ्लोरिमाँच्या नावाने मिसा..."

"मेलेल्यांची?"

देल्मोतनी मान हलवली.

"हरलात तर शर्ट घेऊन जा," फिलोमेन म्हणाली. "मिसा नाही. माझा मुलगा हरवलाय, मस्यू. मेलेला नाही."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मैदानाभोवती सगळं गाव लोटलं होतं. थंडी हाडात शिरत होती, जमीन दगडासारखी झाली होती. फिलोमेन दोरीशी उभी राहिली, शेजारी शेजारीण ओर्तांस. टोप्या काढून झाल्या, संघ जागेवर गेले, तेवढ्यात तुर्क्वाँचा एक उंच खेळाडू ट्रॅममधून उतरून बुटांच्या नाड्या बांधत धावत आला. कोराँताँ त्याचं नाव. दूरच्या ब्रिटनी प्रांतातून नुकताच आला होता, या भागात कुणाला ओळखत नव्हता. मधल्या फॉरवर्डला अडवणं हे त्याचं काम.

"ह्याला आज काय काम?" ओर्तांस खिदळली. "फुकट भाडं घालून आलाय बिचारा!"

पण कोराँताँ कामाला लागला. तो मोकळ्या जागेच्या मागे जाऊन उभा राहिला, अगदी खेटून. ती जागा डावीकडे सरकल्यासारखा तो डावीकडे सरकला. मग उजवीकडे.

"अरे, वाऱ्याला कशाला धरतोस?" मागून कुणी ओरडलं. "सर्दी होईल!"

लोक हसले. कोराँताँने वळून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. पुढच्या वेळी त्याने खांदा दिला, जोरात. आणि तो स्वतःच दोन पावलं मागे फेकला गेला.

हसू जरा कमी झालं.

मध्यंतरापर्यंत गोल नव्हता. उत्तरार्धात कोराँताँने मूठ पुढे केली, कुणाची तरी बाही पकडावी तशी, आणि पंचांनी शिट्टी वाजवली. धावत आले, हात वर केला. मग हात तसाच ठेवून ते इकडेतिकडे बघत राहिले. कुणाला धरलं होतं, ते त्यांना सांगता येईना. शेवटी त्यांनी चेंडू दोन्ही कप्तानांमध्ये टाकला आणि खेळ पुढे नेला.

आता मागून कुणी ओरडत नव्हतं. फिलोमेनने दोरी दोन्ही हातांनी धरली होती.

"चल गं, घरी जाऊ," ओर्तांस हळूच म्हणाली.

"थांब. माझा मुलगा खेळतोय."

शेवटी शेवटी उजवीकडून एक चेंडू जमिनीलगत आला. मधल्या रिकाम्या जागेकडे.

कोराँताँ झेपावला. गोली उजवीकडे कोसळला.

चेंडू कुणालाही न लागता सरळ पुढे गेला. मागून देझिरे धावत येत होता.

गोल झाला.

देझिरेने सवयीने उजवा हात बाजूला टाकला, कुणाच्या तरी खांद्यावर टाकावा तसा. हात तिथे टेकला. खाली पडला नाही.

गावाने आरोळी ठोकली ती जरा उशिराच. पण ठोकली ती अशी, की फिलोमेनला स्टेशनचा तो दिवस आठवला. सामना जिंकला. शर्ट कुणी मागणार नव्हतं. तिची मान ताठ होती. तो आलाय. तो परत येतोय.

खेळाडू बाहेर आले तेव्हा कोराँताँ कुणाला तरी विचारत विचारत तिच्यापाशी आला. खांदा चोळत होता.

"मादाम, तो मधला तुमचा मुलगा, असं म्हणतात."

"माझाच."

"एवढा चांगला फॉरवर्ड मी पाहिला नाही. देवाशपथ. मी शिव्या दिल्या, कोपर मारलं, तर नुसता हसला." तो घुटमळला. "पण त्याला डॉक्टरला दाखवा. इतका वेळ मी त्याच्या तोंडाजवळ होतो. ह्या थंडीत सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती, माझ्याही. त्याच्या एकदाही निघाली नाही."

फिलोमेनने दोरी सोडली.

"दम लागायचाच नाही त्याला," ती म्हणाली. "लहानपणापासून."

देझिरे टोपी हातात घेऊन जवळ आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तिने त्याच्या गालावर हात ठेवला.

"फादरना सांग, उद्याची मिसा होऊ दे. आणि नाव पूर्ण वाचायला सांग, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

देझिरेने मान हलवली. कोराँताँने घाईघाईने डोक्यावरची टोपी काढली.

"माफ करा, मादाम, मला माहीत नव्हतं," तो आवाज खाली आणून म्हणाला. "घरात कोण वारलं?"