इनासचा कानमणी

टेका जरा, चहा येतोय. तोवर वेंगुर्ल्याच्या इनास डिमेलोची गोष्ट ऐका.

इनास हातानं गिटारी बनवायचा. गिटारीची वरची फळी, जिच्यातनं आवाज निघतो, ती कानाशी धरायची, बोटानं टकटक करायची, मग रंधा मारायचा, परत टकटक. फळी बोलायला लागली की थांबायचं. आधीच थांबलात तर गिटार मुकी, जास्त तासलीत तर फळी मेली. माप कसलं नाही, नुसता कान.

नि तो कानच गेला की हो! मग बसवला कानमणी. हरभऱ्याएवढं यंत्र, ऐकलेलं कानाच्या नसेतनं मेंदूत सोडणारं. इनास खूश. पण बायको जासिंता तारा चढवायची, तिला नव्या गिटारी मुक्या वाटायला लागल्या.

एकदा तिनं त्याच्या पाठीमागं सहज प्लायवूडचा तुकडा वाजवला.

"खयची गो ही फळी?" तो गर्रकन वळला. "वेगळी ठेव! सोन्यासारखी वाजता!"

जासिंताला आधी हसू आलं, मग शंका. तिनं कानमणीवाल्यांना फोन लावला.

तिकडची पोरगी म्हणाली, "आजी, आजोबांची नस थकलीय. जे पोचत नाही, ते यंत्र आपल्या मनानं भरतं. त्यांना काय आवडतं ते शिकलंय ते."

"म्हणजे खोटं ऐकवतं?"

"गोड ऐकवतं. यंत्रच बंद करू शकतो. पण मग त्यांना काहीच ऐकू येणार नाही. तुमचा आवाजसुद्धा."

जासिंतानं फोन ठेवला. माझाही आवाज गोडच करून ऐकवत असेल का मेलं, असं तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी इनासनं माळ्यावरनं देवदाराची फळी काढली. लग्नात आणलेली, तेव्हापासनं वाळत ठेवलेली. तशी दुसरी मिळायची नाही.

"ही आपली शेवटची गिटार. मी मेलो तरी वाजत रवतली."

रंधा चालला. फळी अजून जाडच होती, तेवढ्यात तो थांबला. टकटक केली. डोळे भरले त्याचे.

"ऐकलंस? आता हात लावूक नको. थांबू ना गो?"

जासिंतानं ऐकलं. ठस्स. दगड वाजावा तसं.

तिनं रंध्यावर हात ठेवला. तो लहान पोरासारखा तिच्या तोंडाकडं बघत होता.

तुमचे कान अजून शाबूत आहेत, बाबांनो. खरं सांगून त्याचा कानावरचा भरवसाच काढून घ्यायचा, की गप्प राहून फळी घालवायची? काय बोलावं तिनं, तेवढं सांगा मला. आणि सांगाल ते गोड करून सांगू नका.