राउटर बंद असताना आलेला फोन

काळेवाडीत लाइट गेली, तशी पोरं गच्चीवर जमली. प्रज्वलनं वायफायचं रडगाणं सुरू केलं. चाकणच्या एका कंपनीत हयात घालवलेले त्याचे आबा, उद्धवराव, खुर्चीत सरकून बसले. "नेट नाही म्हणून रडतोस? ऐक मग. कंपनीचं नाव विचारायचं नाही, माणूस मात्र माझ्या चांगल्या ओळखीचा."

त्याचं नाव निरंजन. कंपनीचं सगळं नेटवर्क त्याच्या हातात आणि नाक कायम वर. गेल्या खंडेनवमीला, रात्री सव्वाअकरा वाजता, तो निगडीला घरी जेवून सुस्तावला होता. गेटवरच्या खंडूचा मोबाइलवर फोन आला.

"साहेब, राउटर पडतोय, उठतोय, परत पडतोय. आतले फोन समदे बंद हायेत."

"आत कोण आहे?"

"कुणी न्हाई. सुट्टी हाय की."

"मग कुणाला बोलू नकोस. मी येतो."

कुणाला बोलू नकोस! कारण दुखणं काय ते याला पक्कं माहीत होतं. राउटर बनवणाऱ्यांनीच कळवलं होतं, की आतल्या सॉफ्टवेअरमध्ये खोट आहे, बाहेरून कुणी मुद्दाम बिघडवलेला संदेश पाठवला की यंत्र कोसळतं. चोरीबिरी काही होत नाही, फक्त सगळ्यांची वाट बंद होते. उपाय साधा: अपडेट टाकायचं आणि राउटर बंद करून चालू करायचा. पण त्यासाठी काम थांबवावं लागतं, म्हणून महाशय त्याच्या आदल्या वर्षीच्या खंडेनवमीची सुट्टी धरून बसले. सुट्टी आली. यानं राउटरला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि म्हणतो कसा, "पूजा झालेल्या हत्याराला आज हात लावायचा नसतो." घरी देवापुढे कधी उदबत्ती न लावणारा माणूस! तंगड्या पसरायला घरी पळाला, दुसरं काय.

त्या आदल्या वर्षीच्या रात्रीच पेंट शॉपमध्ये, म्हणजे रंगखात्यात, दत्तोबा एकटाच सफाई करत होता. थिनरच्या वाफेनं गुदमरला. सकाळी सापडला तेव्हा भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर त्याच्या मुठीत होता. आतले फोन राउटरवरूनच चालायचे; तो पडलेला, मग फोन गेटला लागणार कुठून? चौकशीत निरंजननं डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "नेटवर्क चालू होतं. त्यानं फोन लावलाच नाही." मेलेल्या माणसाच्या माथी खापर फोडून हा मोकळा. दत्तोबाची बायको कस्तुरा गेटवर येऊन रडली, माझा नवरा इतका खुळा नव्हता म्हणाली. ऐकतो कोण? आणि अपडेट? ते नंतरही टाकलं नाही. टाकलं असतं तर खोट होती हे कबूल करावं लागलं असतं ना!

आता वर्षानं राउटर पुन्हा पडल्याचं वर कळलं, तर जुनी चौकशी उघडणार. म्हणून तो त्या रात्री चोरासारखा कंपनीत शिरला. सर्व्हर रूमचं दार लावून घेतलं. अपडेट टाकलं. राउटर बंद केला. त्याचे दिवे विझले. टेबलावरचा फोनही गपगार झाला.

उद्धवरावांनी खुर्ची पुढे ओढली.

"मग, आबा?" प्रज्वलनं विचारलं.

मग... फोन वाजला.

राउटर बंद. आणि फोन वाजतोय. छोट्या पडद्यावर नाव आलं... पेंट शॉप. तिथला फोन तर दत्तोबा गेल्यावर भिंतीवरून काढून टाकला होता. निरंजननं उचलला नाही. वाजतच राहिला. खंडूला हाक मारायला गेला. दार त्यानंच लावलेलं, गेट लांब...

उचलला. कानाला लावला.

काहीच नाही...

मग श्वास. ओढून ओढून घेतलेला.

मग आवाज. नम्र. रोजच्यासारखाच...

"साहेब... आत्ता लागला बघा फोन."

खंडूला तो गेटबाहेर अनवाणी सापडला. राउटर त्यानंतर एकदाही पडला नाही. दत्तोबानं फोन लावला होता, हे या हरामखोरानं आजवर कुणापुढे कबूल केलेलं नाही. पण त्या रात्री खंडूनं त्याच्या तोंडावर बॅटरी मारली, तेव्हा उजव्या कानाला पिवळा रंग दिसला. कंपनीच्या पार्टना मारतात तोच. घरी रॉकेलनं पुसला, निघालाही. सकाळी पुन्हा होता.

त्याची बायको विजयश्री रोज उठल्यावर उशीचा अभ्रा धुते. आणि रंग... अजून ओलाच असतो.