शून्य मर्यादाभंग

दुरावापट्ट्यांच्या नियंत्रण कक्षात त्या सकाळी पेढे आले होते. नाशकात पट्टे सुरू होऊन वर्ष झालं होतं आणि हर्षल दाभाडेच्या नावापुढे सगळ्यात देखणा आकडा होता, शून्य. त्या शून्याच्या जोरावर दुपारच्या सुनावणीत त्याचा पट्टा निघणार होता. अहवालावर डॉ. वैजयंती कुलथे यांची सही तेवढी बाकी होती.

पट्टा ही त्यांचीच कल्पना. बायकोला मारहाण केल्याबद्दल न्यायालयानं ज्याला तिच्यापासून लांब ठेवलंय, तो बाजारात तिच्यासमोर उभा राहिला, तर तो योगायोग की कावा? हे ठरवता ठरवता पोलिसांनी हात टेकले होते. म्हणून त्याच्या मनगटावर पट्टा आला. दोघांमधलं अंतर अर्ध्या किलोमीटरवर आलं की पट्टा थरथरायचा. जवळ कोणीही आलेलं असो, दूर जायचं ते त्यानंच. नाही गेला तर मर्यादाभंग.

"निनाद, पेढा घेतला नाहीस?"

कक्षातला संभाव्यतेचा अभ्यासक निनाद तांबट पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "मॅडम, हे शून्य मला पटत नाही."

"का? माणूस सुधारू नये का?"

"सुधारलेल्या माणसाचाही पट्टा थरथरतो. एकच शहर, एकच मंडई, एकच दवाखाना. इतरांचे पट्टे महिन्यातून दोन-तीनदा थरथरतात, ते निमूट बाजूला होतात. याचा वर्षभरात एकदाही नाही. योगायोगसुद्धा घडत नाही, म्हणजे दोघांपैकी एक जण फिरतच नाहीये."

कुलथेंनी नकाशाकडे पाहिलं. हर्षलची निळी रेघ गावभर हिंडत होती आणि रोज कालव्याच्या पुलापाशी येऊन तासन्‌तास थांबत होती.

"हा तर फिरतोय," त्या म्हणाल्या. म्हणजे फिरत नव्हती ती त्याची बायको.

हर्षलच्या बायकोची, शलाकाची रेघ नकाशावर नव्हतीच. बाईचा पत्ता फुटू नये म्हणून तिची जागा कक्षातल्या कोणालाही दिसायची नाही, हा नियम त्यांनीच केला होता. अंतर यंत्राला कळायचं, माणसांना फक्त तो दिसायचा. वर्षभर सगळ्यांनी त्याच्याकडेच बघितलं होतं.

त्यांनी शलाकाला फोन लावला.

"सगळं ठीक आहे, मॅडम. तो जवळ येत नाही."

"शलाकाताई, तुम्ही घराबाहेर शेवटच्या कधी पडलात?"

ती म्हणाली, "दिवाळीच्या आधी."

उन्हाळा तोंडावर आला होता.

"माझं माहेर कालव्याच्या पल्याड. बाहेर पडायला एकच पूल. पुलाच्या तोंडाशी त्याच्या मित्राचं मोबाइलचं दुकान आहे, तिथं तो बसतो. मी निघाले की वाटेत फोन वाजायचा, मग मी मागे फिरायचे; शेवटी निघणंच सोडलं. तुम्हीच सांगितलं होतं ना, आगाऊ सूचना आली की सावध व्हायचं."

सांगितलं होतं. चुकूनही गाठ पडू नये म्हणून बाईच्या फोनवर पाऊण किलोमीटरलाच सूचना द्यायची, ही सोय कुलथेंनी मोठ्या मायेनं केली होती आणि त्याबद्दल स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. पट्टा बांधताना ही सोय त्या माणसालाही सांगितली जायची. पाऊण किलोमीटर अर्ध्याच्या आधी येतो. ती दर वेळी आधी वळायची, म्हणून त्याला कधी वळावंच लागलं नाही. कुलथेंना स्वतःची भयंकर चीड आली.

"तुमची हरकत नसेल तर मी ती सूचना आज बंद करते."

"मग तो आलाय हे मला कळणार कसं?"

"तो येत नाहीये, ताई. तो बसलाय. उठायचं त्यानं आहे. तुमच्यासोबत महिला पोलीस असेल. भीती वाटत असेल तर राहू द्या, मी दुसरा मार्ग शोधते."

"भाजी आणायचीये," शलाका हळूच म्हणाली. "बंद करा."

दुपारी सुनावणी पडद्यावरूनच सुरू झाली. कुलथेंनी सही न केलेला अहवाल समोर ठेवला आणि कारण सांगितलं. हर्षल त्याच दुकानातून हजर होता, पांढराशुभ्र सदरा घालून. त्याचे वकील म्हणाले, "अंदाजावर कोणाला बांधून ठेवता येत नाही. वर्षभरात पट्टा एकदाही थरथरलेला नाही, हे खरं की खोटं?"

"खरं आहे," कुलथे म्हणाल्या.

तेवढ्यात पडद्यातून बारीक गुणगुण ऐकू आली. हर्षलनं मनगटाकडे पाहिलं आणि हात काउंटरखाली घेतला. काउंटरचा पत्रा आणखी जोरात वाजू लागला. नकाशावर त्याचा निळा ठिपका जागचा हलला नाही. निनादनं खुर्चीची कड घट्ट धरली होती.

"दाभाडे," न्यायाधीश साटमबाई म्हणाल्या, "पट्टा थरथरतोय. आदेश ठाऊक आहे ना? उठा."

"थांबेल आत्ता, मॅडम," हर्षल समजुतीच्या सुरात म्हणाला. "नेहमी तीच मागे फिरते."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. वकिलांनी डोळे मिटून घेतले. साटमबाईंनी ते वाक्य त्याच्याच शब्दांत नोंदवून घ्यायला सांगितलं.

पोलीस त्याला दुकानातून घेऊन गेले, तेव्हा कुलथेंचा फोन वाजला.

"मॅडम, मी पुलाजवळ आलेय," शलाका म्हणाली. तिला धाप लागली होती. "फोन वाजला नाही."

"नाही वाजणार."

"मग जाते मी पुढे," ती म्हणाली.