परतमान

उन्हाळा आता आठ महिन्यांचा झाला होता आणि सगळा माळ चुन्यानं पांढरा केलेला होता. छपरं पांढरी, रस्ते पांढरे, बैलांच्या झुलीसुद्धा पांढऱ्या. ही योजना डॉक्टर हेमलता सोनवणेंची. आज त्या म्हाकू खरातच्या तळावर परतमान मोजायला आल्या होत्या. आकडा कमी भरला, तर त्याची काळी मेंढरं सरकार उचलून नेणार होतं.

पाहुण्याला घोंगडीवर बसवायची धनगरांची रीत. पण काळी घोंगडी लपवून म्हाकूनं खताची पांढरी गोणी अंथरली.

"बाई, ह्ये परतमान म्हंजी काय वो?"

"आलेल्या उन्हातला किती उजेड एखादी वस्तू परत धाडते, त्याचं माप. जास्त उजेड परत गेला की पृथ्वी गार राहते. इंग्रजीत अल्बेडो म्हणतात. ग्रह-चंद्रांसाठी वापरतात तो शब्द."

"चंद्राचं किती?"

"शंभरात बारा. जुन्या डांबरी रस्त्याइतका काळा आहे तो."

"आन् पोरींला चंद्रावानी म्हनत्यात!" म्हाकू हसला. "मग त्या शब्दाचा अर्थ?"

"मूळ लॅटिन. पांढरेपणा, एवढाच. रोममध्ये जाहीर सूचना लिहायला पांढरी फळी असे, तिचं नावही त्याच मुळाचं. आपला फोटोंचा अल्बम तिथूनच आला."

"म्हंजी आदी पांढरं करायचं, मग वर हुकूम ल्याहायचा. बराबर हाय."

हेमलताबाई हसल्या. तेवढ्यात पालातून म्हाकूची बायको सगुणा चहा घेऊन आली, आणि त्यांचं हसू जागीच विरलं. तिच्या तोंडाला, हातांना चुना फासलेला होता. गालावर कातडी सोलून लाल झाली होती.

"अहो, हे काय केलंत?"

"तळावरचं समदं मोजनार, आसं तुमच्या कागदात हाय न्हवं? मेंढरं काय पांढरी व्हत न्हाईत. म्हनलं, आपुन तरी व्हावं. आता भरंल न्हवं आकडा?"

'तळावरील प्रत्येक पृष्ठभाग.' हे शब्द हेमलताबाईंनीच गार खोलीत बसून लिहिले होते.

"माणसाच्या अंगानं काही फरक पडत नाही हो."

"मग मागल्या खेपंला तुमच्या मानसानं माझ्या गालाला यंत्र का लावलं? आकडा बघून हसला त्यो."

हेमलताबाईंना मान वर करवेना. सगुणा त्यांच्या मनगटाकडं बघत होती.

"बाई, तुमीबी आमच्याच रंगाच्या. तुमाला कोन मोजतं?"

हेमलताबाईंनी बाही ओढून मनगट झाकलं. सगुणाला त्यांची कीव आली. तिनं पालातून चुन्याचं भांडं आणून पुढं सरकवलं.

"लावा थोडं. म्होरं नाक्यावर मोजनारी मानसं हायती. पयल्या दिशी आग व्हती, मग सवय पडती."

नको म्हणायला हेमलताबाईंनी तोंड उघडलं. बघतात तर त्यांची दोन बोटं चुन्यात बुडालेली होती.