ओळखीवर काहीच अवलंबून नाही

अर्धांगवायूनंतर विमलबाईंच्या मेंदूत 'चालक' बसवला होता. नखाएवढी ती चकती पहाटे बंद व्हायची आणि सकाळी पुन्हा सुरू व्हायची. मग मेंदूला न जमणारी कामं ती एकेक करून हाती घ्यायची: तोल, बोलणं, गिळणं, माणसांची ओळख. कशामागून काय सुरू करायचं, ती यादी डॉक्टर स्वतः लिहीत. विमलबाईंच्या यादीत ओळख पहिली होती. डोळे उघडले की त्या नवऱ्याला म्हणत, "अहो, दाढी करा आधी. अस्वल दिसताय."

पण शंभर डॉक्टरांच्या शंभर तऱ्हा. गाव बदललं की नव्या डॉक्टरला यादी कळेना. माणसं दगावली. म्हणून 'समान आरंभ' हा नियम आला. प्रत्येक कामाने आपल्याआधी कोणतं काम लागतं एवढंच सांगायचं, क्रम चकती लावणार. ज्याच्यावर दुसरं काही अवलंबून नाही, ते मागितल्यावरच सुरू होणार.

तेव्हापासून विमलबाई नवऱ्याला, यशवंत खवल्यांना, रोज सकाळी विचारू लागल्या, "कोण आपण?" मग ते ओळख सुरू करायचं बटण दाबत.

"किळस येते मला," ते चकतीच्या इंजिनिअर ऋजुता टिपणीसला म्हणाले. "चाळीस वर्षांच्या नवऱ्याची ओळख बटण दाबून?"

"काका, ओळखीवर काहीच अवलंबून नाही. नियमच तसा आहे."

"मग ठेवा काहीतरी तिच्यावर अवलंबून. पंपहाऊसवर जन्म गेला माझा. पंपात पाणी भरल्याशिवाय मोटर सुरू होऊ नये अशी सोय आम्ही करायचो. तसं लिहा. गिळायला आधी ओळख लागते."

"पण ते खोटं आहे."

"माझ्याच हातून खाते ती. खोटं कसं?"

नको नको म्हणत तिने ती ओळ लिहिली. पाच महिने अस्वल परत आलं.

मग एका सकाळी ओळख सुरू होईना. चकतीने तीनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. गिळणं ओळखीसाठी थांबून राहिलं. खवल्यांनी नेहमीसारखा चमच्याने चहा भरवला. तो फुप्फुसात गेला. विमलबाई वाचल्या नाहीत.

"चकतीत दोष नाही, काका," ऋजुता खाली बघत म्हणाली. "लिहिलं होतं तसंच झालं."

खवल्यांनी मोरीत जाऊन तो चमचा घासला. ती ओळ त्यांनीच लिहायला लावली होती.

चमचा पुढे केला तेव्हा विमल म्हणाली होती, "आपण कशाला त्रास घेता?" त्यांना थट्टा वाटली. ते हसले होते. आणि समोरचा परका माणूस इतक्या आग्रहाने देतोय म्हणून, भिडेखातर, तिने तोंड उघडलं होतं.